नदीपलीकडे नेलेला टेबल

मित्रांनो, मी मेपलच्या लाकडाचा एक जुना जेवणाचा टेबल आहे. सध्या तळघरात असतो. माझ्यावर रंगाचे डबे आणि एक मोडका पंखा ठेवलेला आहे. माझ्याभोवती चौदा माणसे आरामात बसत, हे आता कुणाला सांगून खरे वाटणार नाही.

माझा जन्म कॅनडातल्या हल शहरातला; तिथे घरोघरी फ्रेंच बोलत. ऑरेल शार्बनो कागदाच्या गिरणीत कामाला होता. रोज संध्याकाळी घरी आल्यावर रंधा मारून त्याने एका हिवाळ्यात मला घडवले. त्याला नऊ मुले होती. वाटाण्याचे दाट सूप माझ्यावर आले की सगळी एकदम बोलू लागत. ऐकणारे कोणी नसे, तरी कुणाचे अडत नसे. शेजारी दार न वाजवता आत येत आणि स्वतःच बशी काढून घेत. थोरला रेआल पोट भरले की दोन चमचे एकमेकांवर वाजवून ताल धरी. वर्षाच्या पहिल्या दिवशी मात्र सगळे गप्प होत आणि बापापुढे गुडघे टेकून आशीर्वाद घेत.

धाकटी सोलांज नदीपलीकडे ओटावात सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. तिथल्याच कीथ अॅबरनेथीशी तिचे लग्न झाले. ऑरेल तिला म्हणाला, "पोरी, मला आणि तुझ्या आईला हा एवढा लांब टेबल काय करायचा? तू घेऊन जा. तुझं घर भरू दे."

पूल ओलांडायला दहा मिनिटे लागली. आपण किती लांब आलो, ते मला पहिल्याच जेवणाला कळले. इथे इंग्रजी बोलत आणि संध्याकाळी साडेपाचच्या ठोक्याला जेवत. एक जण बोले, बाकीचे ऐकत. सूप पिताना आवाज झाला तर माफी मागत. कीथची आई विनिफ्रेड माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "छान आहे हो. पण इतकी माणसं आणायची कुठून?"

माणसे आली. एका रविवारी रेआल बायकामुलांसह दारात उभा राहिला.

विनिफ्रेड म्हणाली, "फोन नाही, काही नाही?"

रेआल हसला. "नदी ओलांडायला फोन कशाला, बाई? पूल आहे की!"

त्याच्याशिवाय कोणी हसले नाही. निघताना कीथ अगदी मनापासून म्हणाला, "पुढच्या वेळी आधी कळवून या, म्हणजे नीट तयारी करता येईल." कीथ भला माणूस होता. त्याच्याकडे पाहुण्याचा मान ठेवण्याची रीत तशीच होती. पण हलमध्ये असे कुणाला सांगितले, तर त्याचा अर्थ 'येऊ नका' असाच होई. रेआल पुन्हा आला नाही.

मग हेदर जन्मली. विनिफ्रेड म्हणाली, "दोन-दोन भाषांनी लेकराच्या डोक्यात गोंधळ नको." सोलांजने वाद घातला नाही. बाजारात तिच्या उच्चारांना लोक हसत. आपल्या मुलीला कोणी हसू नये, एवढेच तिला वाटले. तिने लेकीशी फ्रेंच बोलणे सोडले.

हेदर बारा वर्षांची असताना ऑरेल गेला, आणि त्याची बायको, म्हणजे हेदरची आजी ब्लांदीन, आमच्याकडे राहायला आली. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. हेदर तिला 'मेमेर', म्हणजे आजी, म्हणे. तिला येणाऱ्या चार फ्रेंच शब्दांतला हा एक. पण दोघींचे मेतकूट जमले. शाळा सुटली की दोघी माझ्या टोकाला पत्ते खेळत. आजी अखंड बोले आणि हेदर प्रत्येक वाक्याला मान डोलावून "वी, वी" म्हणजे "हो, हो" म्हणे. आजीला तेवढे पुरे होई.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आजीच्या हातातले पत्ते माझ्यावर सांडले.

"पोरी," ती आपल्या भाषेत म्हणाली, "हा हात माझा वाटत नाहीये गं. कुणाला तरी बोलाव."

"वी, वी, मेमेर." हेदरने हसत पत्ते गोळा केले आणि आजीच्या बोटांत बसवले. ते पुन्हा पडले.

"एद-म्वा," आजी म्हणाली. "एद-म्वा."

"वी, वी."

मला दोन्ही भाषा कळत होत्या. मित्रांनो, त्या दुपारी मी लाकूड होतो.

आजीचे तोंड वाकडे झाले, तेव्हा पोर घाबरली आणि तिने आईला फोन केला. तोवर अर्धा तास गेला होता. तिसऱ्या दिवशी आजी गेली.

पुरून आल्यावर सोलांजने लेकीला जवळ बसवले. "ती शेवटी काही म्हणाली का गं?"

हेदरने आठवून आठवून ते आवाज जसेच्या तसे काढले. "एद-म्वा. दोनदा म्हणाली. म्हणजे काय, मॉम?"

सोलांजने दोन्ही हातांनी माझी कड धरली.

"म्हणजे, तू छान खेळतेस."

हेदर रडता रडता हसली.

दहा वर्षांनी हेदरला सरकारी नोकरी लागली. आता फ्रेंच येणे सक्तीचे झाले होते. संध्याकाळी ती माझ्यावर वही उघडून धडे मोठ्याने वाची. एकदा आज्ञार्थाची क्रियापदे आली. बस. ऊठ. मदत कर. शेवटचे तिने फ्रेंचमध्ये वाचले, 'एद', आणि ती थांबली. पुन्हा वाचले, हळू. मग वही मिटून ती स्वयंपाकघरात गेली.

"मॉम, तुला माहीत होतं."

सोलांजने नळ बंद केला नाही.

"बोल ना, मॉम."

"तू बारा वर्षांची होतीस."

हेदर माझ्यापाशी पुन्हा कधी बसली नाही. वसंतात तिने वेगळे घर केले. सोलांज आणि कीथ स्वयंपाकघरातच उभ्या उभ्या खाऊ लागले. मग दोन माणसे लावून मला खाली उतरवले.

मित्रांनो, मला पुसा, पॉलिश करा, असे मी म्हणत नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस वेगळी भाषा बोलत असेल, तर तिच्यातले दुखण्याचे आणि हाकेचे शब्द तरी शिकून ठेवा. ते माणूस तुमच्यासमोर बसले आहे तोवर शिका. हेदर आता फ्रेंच फार सुंदर बोलते, असे ऐकतो.