करपल्या साखरेचा रंग

"सूनबाई, खोक्यातले कंद कुठायत?" मी जिन्याखालून ओरडलो. खोक्यात नुसता लाकडाचा भुसा उरला होता.

ती रात्रपाळी करून नुकतीच दवाखान्यातून आली होती. "धुऊन ठेवलेत की, बाबा. केवढी माती होती! पिशवीत घातलेत, गाठ मारून, वरच्या फळीवर."

झालं! नर्सबाईचा हात तो. दिसलं की धुवायचं, धुतलं की घट्ट बंद करायचं. पिशवी काढली तर आत पाणी सुटलेलं. कंद दाबला तर बोट आत गेलं. एक म्हणून धड राहिला नव्हता.

माझ्या बायकोने डेलियाचं बी पेरलं होतं. बियांचा काही भरवसा नसतो, दर रोपाचा रंग निराळा. त्यातलं एक निघालं करपल्या साखरेच्या रंगाचं. तसं फूल मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेच पुन्हा हवं तर त्याच झाडाचा कंद जपायचा, दुसरा उपाय नाही. पुढच्याच वर्षी ती गेली. तेव्हापासून दर वर्षी, या परक्या मुलखात बर्फ पडायच्या आत कंद उकरायचे, माती नुसती झटकायची, कोरड्या भुशात पुरायचे. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीत दिवसभर लिफ्टखालच्या खड्ड्यात वाकून पाठीचा भुगा झालेला असायचा, तरी हे काम मी कुणावर टाकलं नाही. या थंडीत गुडघ्याने अंथरूण धरायला लावलं आणि नेमका घात झाला.

खोटं कशाला बोलू, शिवी ओठांवर आली होती. पण त्याच गुडघ्याला थंडीभर शेक दिला तो या पोरीने, ड्यूटीवरून आल्या पावली. आत्ताही तिचे डोळे खोल गेले होते.

"नासले का हो?" ती घाबरली. "आईंचे होते ना?"

"असू दे. बी आहे."

गेल्या मोसमातल्या वाळल्या फुलांचं बी पुडीत बांधून ठेवलं होतं, ते खिडकीतल्या ट्रेमध्ये दोघांनी पेरलं.

"तोच रंग येईल ना, बाबा?"

"काय सांगावं! तुझा नवराच बघ. आम्ही दोघं पहाटे उठणारी माणसं, आणि पोटी हा कुंभकर्ण."

ती खळखळून हसली. मला कसलं हसू येतंय, पण हसलो.

लग्न होऊन ती घरात आली तेव्हा फुलं झडून गेली होती. तो रंग तिने पाहिलेलाच नव्हता. रोपांना पाणी मात्र तिनेच घातलं, स्वतःच्या चहाच्या आधी. उन्हाळा सरता सरता फुलं आली. पिवळी, जांभळट, आणि एक साधं विटकरी.

"बाबा, हाच ना?" विटकरी फुलाजवळून तिने हाक मारली.

 वाटलं, बायको आता खरी गेली.

"हाच," मी म्हणालो.

थंडी पडू लागली तसे त्याचे कंद तिनेच उकरले. धुतले नाहीत. एकेकाची माती हलक्या हाताने झटकली, भुशात निजवले, वर आणखी मूठभर भुसा घातला.

"आता आईंचं फूल कुठं जात नाही, बाबा."

मी खोक्याला झाकण लावलं आणि ते जिन्याखाली जागच्या जागी सरकवलं.