दिवा लावायच्या आधी

ठकीला ती पंधरा अक्षरं पाठ व्हायला पाच दिवस लागले. तिच्या आईला तो तक्ता मिळवायला पाच मिनिटंही लागली नव्हती.

आई छापखान्यात मुद्रितं तपासायची. स्वतःचा चष्मा बदलायला डोळ्यांच्या दवाखान्यात गेली, तेव्हा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तिने मोबाइलमध्ये गुपचूप टिपला. दुसऱ्या दिवशी छापखान्यात तो मोठ्या कागदावर काढला आणि गुंडाळी पदराआड धरून घरी आणला. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईला यात काही चुकतंय असं वाटलं नाही. पोटचं पोर असलं की माणसाचं असंच होतं.

ठकी सहा वर्षांची. जन्मली तेव्हा केस कापसासारखे, पापण्यासुद्धा पांढऱ्या. डॉक्टरांनी सांगितलं, याला अल्बिनिझम म्हणतात. त्वचेला, केसांना आणि डोळ्यांना रंग देणारं द्रव्य हिच्या अंगात नीट तयार होत नाही. आई आणि बाबा, दोघांकडूनही ते आलेलं, दोघांनाही पत्ता नसताना. उन्हाला जपा, डोळ्यांना जपा, बाकी पोरगी ठणठणीत आहे.

गल्लीला मात्र एवढ्यावर समाधान कुठलं? कुणी म्हणे कोड आहे, कुणी आपल्या पोरांना हात धरून बाजूला ओढी. एका शेजारणीने तोंडावरच विचारलं, "तुम्ही सगळे सावळे, ही एकटीच अशी कशी हो?" तेव्हा ठकीच्या आजीने मान वर न करता उत्तर दिलं होतं, "आमची सून छापखान्यात आहे ना, त्या दिवशी शाई संपली होती." शेजारीण पुन्हा विचारायला आली नाही.

सासूबाईंना असं फटकन बोलता यायचं. आईला यायचं नाही. ती फक्त डोळ्यांत तेल घालून बघत राहायची. ठकी पुस्तक नाकाला लावते. ठकी पायरी चुकते. ठकी काहीही बघताना मान डावीकडे कलती करते, आणि मग लोक वळून बघतात. "मान सरळ!" हे दोन शब्द आई दिवसातून पन्नासदा म्हणत असेल.

आता शाळेची वेळ आली होती. आई जवळच्या शाळेत चौकशीला गेली, तेव्हा मुख्याध्यापिका ठकीकडे बघून म्हणाल्या, "फळा दिसायला हवा हो. दवाखान्याचं पत्र आणा, मग बघू."

त्या 'मग बघू'त आईला स्पष्ट 'नाही' ऐकू आलं. म्हणून तो तक्ता, म्हणून ती उजळणी. रोज संध्याकाळी, भांडी घासून झाली की ठकी खुर्चीत, तक्ता समोर, मान सरळ. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

दवाखान्यातली तपासणीची खोली अंधारी होती. एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर काचेची पेटी, शेजारी औषध कंपनीचं कॅलेंडर. तपासणाऱ्या बाई वयाने मोठ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी ठकीला उचलून खुर्चीत बसवलं, आईला मागे स्टुलावर बसायला सांगितलं आणि वहीत नाव लिहायला वाकल्या.

ठकीला वाटलं, सुरू झालं. तिने मान काठीसारखी ताठ केली.

"ग! प, र! म, क, ल! न, स, ट, ब! व, ज, द, त, य!" एका दमात म्हणून ती मागे वळली. "आई, झालं. आता लिमलेटची गोळी?"

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग ठकीकडे.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "फक्त मी अजून दिवा लावला नाही गं."

त्यांनी बटण दाबलं. पेटी उजळली, पंधरा काळी अक्षरं समोर आली. ठकीने डोळे बारीक केले.

"अय्या, ते तिकडे आहे होय? मी तर त्या कॅलेंडरला सांगत होते."

आईला वाटलं, धरणी दुभंगावी.

"अभ्यास कुणी घेतला?"

"आईने," ठकी कौतुकाने म्हणाली. "रोज. मान वाकडी झाली की पुन्हा 'ग'पासून."

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. आईने सगळं सांगून टाकलं. मोबाइल, छापखाना, शाळा, 'मग बघू'. बाई ऐकत होत्या. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

"ताई, पत्रात काय लिहू? पाठ आहे ते की दिसतं ते?"

"दिसतं ते लिहिलंत तर शाळा घेणार नाही."

"असं शाळा म्हणाली?"

"नाही... पण म्हणेल."

"बरं. मग सगळं दिसतं असं लिहिते. शाळा हिला मागच्या बाकावर बसवेल. फळा दिसणार नाही, ही गप्प बसेल. अर्धवट बघत वर्ष काढेल, आणि शेवटी म्हणतील, पोरगी मठ्ठ आहे. तेव्हा काय कराल? रोजचा फळा आदल्या दिवशी पाठ करून घ्याल?"

आईच्या डोळ्यांसमोर खरोखरच ते चित्र आलं होतं: आपण रोज संध्याकाळी शाळेतल्या बाईंच्या घरी जाऊन उद्याचा फळा उतरवून आणतोय. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, आपण तेही केलं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"दिसतं ते लिहा," ती म्हणाली.

मग खरी तपासणी सुरू झाली. बाई काठीने मधलीच अक्षरं दाखवू लागल्या. ठकीची मान हळूहळू डावीकडे कलली.

"मान सर—"

"राहू दे!" बाईंनी हात वर केला. "इकडे या, समोरून बघा. हिचे डोळे सारखे डोलतात ना? आता बघा."

आई समोर आली. मान कलती असताना ठकीची बुबुळं जवळजवळ स्थिर होती. बाईंनी हनुवटी धरून मान सरळ केली. बुबुळं पुन्हा झोक्यासारखी हलू लागली.

"ती मान वाकडी करत नाही, ताई. नजर थांबवते. कुणी न शिकवता तिने हे शोधून काढलंय."

पन्नास गुणिले दिवस असा हिशोब आईच्या मनात सुरू झाला होता, तो तिने अर्ध्यातच सोडला.

ठकीला दोन ओळी नीट वाचता आल्या. चष्म्याने थोडा फरक पडेल, बाई म्हणाल्या, पूर्ण नाही. उन्हासाठी रंगीत काच आणि टोपी. जवळचं वाचायला त्यांनी एक पुस्तिका दिली. ठकीने ती नाकाशी नेली आणि मोठ्या टायपातलं घडाघडा वाचलं.

"चोवीस पॉइंटचा टाइप," आई सवयीने पुटपुटली.

"अरे वा," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरात औषध आहे की."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे फळा दिसत नाही."

"दिसतो," आई म्हणाली. "किती अंतरावरून, ते बघायचंय. पुस्तकं मी मोठ्या टायपात काढून आणीन."

मुख्याध्यापिकांनी पहिलीच्या बाईंना हाक मारली. वर्ग मोकळाच होता. पहिलीच्या बाई तरुण होत्या. त्यांनी फळ्यावर मोठा 'म' काढला, ठकीचा हात धरला आणि एकेक पाऊल मागे नेऊ लागल्या.

"दिसतो?"

"दिसतो."

"आता?"

"दिसतो... आता पुसला तुम्ही."

"मी हात नाही लावला गं."

"मग तोच पुसला गेला."

बाई एक पाऊल पुढे आल्या आणि खडूने फरशीवर रेघ मारली. रेघ पहिल्या बाकाच्याही बरीच पुढे होती. त्यांनी एक बाक फरफटत तिथे आणला, खिडकीकडे बघितलं आणि तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून भिंतीकडे सरकवला.

"बाकीची मुलं विचारतील, हीच का पुढे?" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मी सांगीन," ठकी म्हणाली. "मला लांबचं दिसत नाही. आणि मला हात लावला तर कुणाला काही होत नाही. आणि शाई संपली होती."

"कसली शाई?"

"ते मी नंतर सांगते," आई घाईने म्हणाली.

मुख्याध्यापिकांना हसू आवरेना. "बसव तिला. बघू दे वाचून."

बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला. ठकी बाकावर बसली. शब्द आईच्या जिभेच्या टोकावर आला. मान डावीकडे कलली. आईने ओठ घट्ट मिटले आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

खूप वेळ गेला. निदान आईला तरी तसं वाटलं.

"ज," ठकी म्हणाली. "हा... ज. जहाज!"

आणि मागे वळून, डोळे बारीक करून, दारातल्या अंधुक आकाराला म्हणाली, "आई, हे तर तू शिकवलंच नव्हतंस!"