लोटननानांची नजरचूक

हिरव्या टॅगचं पितळी टोक नूतन बोटांत फिरवत राहिली — याच टॅगमध्ये ती निकालाची नक्कल अडकली होती, भलत्याच फाइलीत, आणि तिथे ती तिनेच घाईघाईत ओवली होती. सोनगीरच्या दगडीबाई अपील करायचं म्हणून तिच्याकडे आल्या, तिच्या वकीलपत्रावर अंगठा देऊन निर्धास्त घरी गेल्या. आणि नक्कल सापडली ती मुदत टळून गेल्यावर; आज अर्ज देताना उशीर तेवीस दिवसांचा. आता उशीर माफ झाला नाही तर अपील दाखलच होणार नाही, राहतं घर दिराच्या ताब्यात जाईल.

समोर माफीचा अर्ज टाइप होऊन पडला होता. 'कारकुनाच्या नजरचुकीमुळे...' धुळ्याच्या कोर्टात हे वाक्य इतक्यांदा लिहिलं गेलंय की टायपिस्टने तिला काही विचारलंही नाही. सोबत कारकून लोटननानांचं प्रतिज्ञापत्र, फक्त सही बाकी.

"द्या ना ताई, सही करस मी," नाना सकाळी म्हणाले होते, "बठ्ठा वकील मन्हंच नाव टाकतस. कोर्ट कारकुनले लवकर माफ करस."

तीस वर्षं... कागदोपत्री पाहिलं तर जिल्ह्यात यांच्याइतका विसराळू माणूस नाही — आणि खरं म्हणजे प्रत्येक खटल्याची तारीख यांना तोंडपाठ. वकिलाने डायरी उघडायच्या आत सांगून मोकळे! किती जणांची अब्रू या माणसाने झाकली, आणि कधी हूं की चूं केलं नाही. मला त्यांच्याबद्दल केवढा आदर, आणि मीच त्यांना शपथेवर खोटं बोलायला लावतेय. पण खरं लिहिलं आणि न्यायाधीश म्हणाले, वकिलाचा निष्काळजीपणा, अर्ज नामंजूर — तर माझ्या खरेपणापायी दगडीबाई घराबाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी... इकडूनही तेच, तिकडूनही तेच.

दगडीबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. नूतन त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं, स्वतःची चूक, त्यातला धोका, काहीही न गाळता.

"नानासनी काय चूक करी?" दगडीबाई म्हणाल्या. "खरं लिखा ताई. मन्हा दीर खोटी शपथ खाईसनच जिकना."

नूतनने 'कारकुनाच्या' खोडलं, वर 'माझ्या' लिहिलं आणि कागद नानांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं, पुन्हा वाचलं.

"आसं कोनी लिखत नही, ताई." मग आकड्यावर बोट ठेवलं. "आनि तेवीस नही. चोवीस दिवस शेतस."

तिने मोजून पाहिलं. चोवीसच होते. हसू आलं, डोळेही भरले. आकडा दुरुस्त करताना भीती होतीच, उलट एका दिवसाने वाढलेली. पण नक्कल सापडल्यापासून तीन दिवस कोर्टात या अर्जाचा जो पुकारा होऊच नये असं वाटत होतं, त्याची ती आता वाट पाहू लागली.