आजारी हातांनी घडाला शिवू नये

आळे गावच्या नानासाहेबांच्या द्राक्षबागेत पाटी आहे: 'आजारी कामगारांनी घडाला हात लावू नये.' द्राक्षं परदेशात जातात, तिकडच्या लोकांना आपल्या बायांचा ताप चालत नाही. शेजारच्या कांद्याला पाटी नाही. कांदा आपणच खातो.

साळुबाईला दोन दिवस थंडीताप होता. तरी आमच्या टोळीबरोबर ती शिनोलीहून पिकअपमध्ये उभी राहून आली. एक खाडा केला की टोळीतली जागा दुसरीला जाते. मग हंगामभर घरी बसून तब्येत सुधारायची, एवढी मोठी सोय आहे.

त्या दिवशी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा साहेब बाग आणि कामगारांच्या सोयी तपासायला येणार होता. साळुबाईला कुडकुडताना पाहून नानासाहेबांना कळवळा आला.

"तू कांद्यात जा. साहेब जाईस्तवर इकडं फिरकू नको."

"कांद्याला ताप चढत न्हाई का, नाना?" आमची मुकादम कुशाबाई म्हणाली.

साळुबाई कांदा उपटू लागली.

साहेब आला, फाइल उघडली. "यातल्या साळुबाई कोण?"

कुशाबाईनं कांद्याकडं बोट केलं. साहेब बांधावर गेला, मागोमाग नानासाहेब, घामाघूम.

"मावशी, मागच्या महिन्यात तीन दिवस भरपगारी आजारी रजा मिळाली ना? हा अंगठा तुमचाच?"

अंगठा तिचाच होता. हातमोजे मिळाल्याचा म्हणून घेतलेला. हातमोजेही मिळाले नव्हते, पण ते सोडा.

साळुबाईनं नानांकडं बघितलं. "लिवलीय तर घेते की. आजपासनं."

आणि बांधावरच्या लिंबाखाली तोंडावर पदर घेऊन आडवी झाली. महिन्याचा घोळ साहेबाला कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता. त्यानं खूश होऊन फोटो काढला. 'कामगार विश्रांती घेताना.' बाग पास.

साहेबाची गाडी वळताच नाना कुशाबाईवर उखडले. "उद्या हिच्या जागी दुसरी आण."

"आणते की. पर फोटो हिचा गेलाय. पुढच्या बारीला साहेब हिलाच हुडकंल."

नाना विचार करू लागले. त्यांना विचार करताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

"बरं, राहू दे तिलाच. उद्या येळेवर ये गं."

"उद्या न्हाई, परवा बी न्हाई," साळुबाई पदराखालूनच म्हणाली. "फायलीत तीन दिस लिवलेत."