अक्काची उरलेली नजर

आजवर कुणाला बोललो नाही, ते आज लिहून टाकतो: त्या सायंकाळी माझ्या अक्काची नजर गेली नव्हती.

सायकलच्या कॅरिअरवर एका अंगानं बसलेली अक्का म्हणजे माझ्या पाठीवर टेकलेला एक उबदार तळवा. खड्डा आला की तो घट्ट व्हायचा, उतार लागला की सैलावायचा. काचबिंदूनं तिचं जग कडेकडेनं कुरतडत नेलं होतं, आणि माहेरच्या वस्तीवर माझ्या, धाकट्या भावाच्या आधारानं ती दिवस काढत होती. उन्हं कलली की मी तिला पाटाच्या भरावावरून सावकाश फिरवून आणी. पाटाला पाणी सुटलेलं असलं की त्यावरून येणारा हेमंतातला गार वारा ती तीर्थासारखा चेहऱ्यावर घेई. शेरडं राखणारा सोपान हमखास ओरडे, "बापू, कुणाची वरात हाय बे?"

"माझी हाय! आहेराला बोकड आण," अक्काच उत्तर देई.

वळणावर देशमुखांची ओसाड गढी. तिथं ती मान उचले. ऊस, बाभळी, माणसांचे चेहरे सगळं पुसलं गेलं होतं. पण मावळतीच्या तांबूस प्रकाशावर उमटलेला बुरुजाचा काळा ठसा तिला अजून जाणवे. "हाय रे, दिसतोय," असं म्हणताना तिच्या थकलेल्या स्वरात कोवळं ऊन पडे. त्या बुरुजावरच ती रोज आपले डोळे पारखून घेत होती.

गढीची पांढरी माती रानाला लई मानवते. सारा गाव नेत होता. "तू न्हाई बरं का, बापू," तिनं बजावलं होतं. मी नेली. बुरुजाच्या पायातूनच नेली. भाद्रपदाच्या झडीत बुरूज ढासळून बसला. सकाळी एकटाच जाऊन पाहून आलो. संध्याकाळी आभाळ उघडलं, तेव्हा अक्काला घेऊन निघालो. सांगू, सांगू म्हणता वळण आलं.

"गढी आली का रे?"

समोर नुसतं लख्ख आभाळ होतं.

"आली की. समोरच हाय."

पाठीवरचा तळवा गळून पडला. ती म्हणाली, "मंग गेलं रे बापू माझं. चल घरी."

त्यानंतर ती सायकलवर बसली नाही. डोळ्यांत थेंब घालायला गेलो की "आता कशापायी?" म्हणून तोंड फिरवी. तिच्यापुढं गढीचं नाव निघणार नाही, हे मी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. जो उजेड अजून काही हंगाम टिकला असता, तो माझ्या मौनाच्या आडोशाला विझत गेला. अखेर अंधार खरा झाला आणि माझं खोटं त्यात बेमालूम मिसळलं.

गेल्या माघात अक्का गेली. काळ माणूस नेतो, पण त्याच्यासाठी अडून राहिलेलं वाक्य मागंच ठेवतो. ते जुनं होत नाही, दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. "अक्का, बुरूज पडलाय, माझ्यामुळं पडलाय, तुला अजून दिसतंय," एवढ्या सांगण्याचं मी तिचं देणं लागतो.