निंबाची पारख

कळसाडीत कोणाच्या शेतात साप निघाला की सरलाबाईच्या सासऱ्यांना, उखाजींना बोलावणं यायचं. म्हातारा मेलेला साप काठीने उलटायचा, दोनदा खाकरायचा आणि जात सांगून मोकळा व्हायचा. चुकलं तरी विचारणार कोण? साप थोडाच बोलतो!

त्या सकाळी उसाला पाणी देताना सरलाबाईच्या नवऱ्याच्या, सुकलालच्या पायाला साप डसला. सुकलालने तो फावड्याने ठेचून बांधावर आणून टाकला. जाडजूड, मातकट, पाठीवर काळपट गोलांची सलग साखळी.

"अजगरनं पिल्लू शे," उखाजी म्हणाले. "त्याले इख ऱ्हास नही."

बिनविषारी म्हटलं, पण पाय सुजत चालला होता. मग गावच्या रीतीप्रमाणे निंबाचा पाला आणला. विष चढलं असेल तर निंब गोड लागतो, म्हणतात. सुकलालने मूठभर चावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "कडूजहर शे."

सगळे हसले. सरलाबाईलाही हायसं वाटलं. तेवढ्यात शहाद्याची एसटी आली. यांना दवाखान्यात न्यावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सासऱ्यांपुढे पदराआडून सून बोलणार तरी किती? गाडी निघून गेली.

दुपारी सुकलालच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. उखाजींनी पुन्हा पाला दिला; तो कडूच लागला. रात्री लघवी लाल झाली, सकाळी झालीच नाही. तेव्हा कुठे म्हाताऱ्याने बैल जुंपले.

शहाद्याच्या डॉक्टरांनी सापाचं वर्णन ऐकलं, सुई टोचली आणि उखाजी नि सरलाबाईला बाहेर नेलं.

"घोणस होती ती. तिचं विष रक्त बिघडवतं, जिभेला काही होत नाही. निंब शेवटपर्यंत कडूच लागणार. काल आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता मूत्रपिंडं बंद पडलीत."

उखाजी भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्यावर ओरडावं असं सरलाबाईला फार वाटलं. पण ओरडून तरी काय हाती लागणार होतं? ती डोळे पुसून आत गेली.

सुकलालने तिच्याकडे पाहिलं. "काबर रडी ऱ्हायनी? निंब कडू लागना ना माले? मंग इख नही चढनं."

"हा," ती म्हणाली, आणि त्याच्या ओठांवरचं रक्त पदराने टिपत राहिली.