डावा खांदा दोन बोटं खाली

मी मापांची वही बोलतेय. हो, तीच, शिवणाच्या दुकानात कात्रीशेजारी पडलेली लांबट वही. तुम्ही मला पाहिलंय, पण तेव्हा तुमचं लक्ष आरशाकडे होतं. आज मात्र मला गप्प बसवत नाही. कालच मी रंगमंचावर जाऊन आलेय, दोनशे माणसांसमोर! आमच्या कुळात हा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. माझ्या आधीच्या सगळ्या वह्या रद्दीत गेल्या.

माझा जन्म एका बाइंडरच्या हाती झाला. जाड निळा पुठ्ठा, तीनशे पानं, आणि प्रत्येक पानाच्या डावीकडे तांबड्या रेघेनं आखलेला समास. हा समास लक्षात ठेवा. सगळं महाभारत तिथंच घडलं.

दुकान दोघी जावांचं. थोरली मापं घेते, कापते, शिवते. धाकटी काजं करते, बटणं लावते आणि अखंड बोलते. थोरलीनं पहिल्या दिवशी माझ्यात लिहिलं, "छाती अडतीस, बाही तेवीस." मला वाटलं, झालं, आता जन्मभर आकडेच. पण चौथ्या पानावर तिनं पायमशीन थांबवलं, कानामागचं पेन काढलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं:

"माप घेतलं साऱ्यांचं, माझं राहून गेलं."

मशीन पुन्हा सुरू झालं आणि त्याच्याच ठेक्यावर ती ही ओळ गुणगुणू लागली. माझी तर शिवणच उसवायची बाकी राहिली!

तेवढ्यात कोट न्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "हे काय गाताय?"

"सुचलं असंच," थोरली म्हणाली.

"अगंबाई! मशीन चालवता चालवता आता कवयित्रीसुद्धा?" आणि बाई खो खो हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नसेल. पण थोरलीचे कान लाल झाले. त्या दिवसापासून कुणीही विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं: "जुनंच आहे, कुठंतरी ऐकलेलं." धाकटीलाही तिनं हेच सांगितलं. सहा वर्षं! ओळीमागून ओळ माझ्या समासात उतरत होती आणि मी ओरडून सांगू शकत नव्हते, की अहो, कसलं जुनं, शाई अजून ओली आहे!

माणसांची एक गंमत सांगते. टेप कमरेला लागला, की झाडून सगळे श्वास ओढून पोट आत घेतात. त्या मापानं शिवलं तर बटणं तुटणार. म्हणून थोरली आधी काहीतरी बोलून हसवते, आणि श्वास सुटला की आकडा टिपते.

गेल्या महिन्यात थोरली ताप येऊन चार दिवस घरी होती. एका सदऱ्याचं माप शोधायला धाकटीनं मला पहिल्यांदाच पानोपान चाळलं. सदरा राहिला बाजूला. ती समास वाचत गेली. खोडलेल्या ओळी, बदललेले शब्द, पुन्हा खोडलेले शब्द.

"जुनं आहे म्हणे! जुनं गाणं कुणी खोडून खोडून लिहितं का?" ती मलाच म्हणाली. मला इतका आनंद झाला, की पानं फडफडली. (पंखा चालू होता, ते सोडा.)

समोरच्या वाचनालयाच्या दारावर स्वरचित गीतांच्या स्पर्धेची जाहिरात लागली होती. पहिल्या फेरीला फक्त शब्द पाठवायचे. निवड झाली तर येऊन गायचं, आणि 'हे गीत माझं स्वतःचं आहे' असं लिहिलेल्या कागदावर सही करायची. धाकटीनं सगळ्या ओळी उतरवून काढल्या आणि कुणाला न सांगता थोरलीच्या नावानं पाठवून दिल्या.

पण तिच्या हातून एक घोटाळा झाला. एकशे बाराव्या पानावर, पोस्टमनकाकांच्या कोटाच्या मापाशेजारी, समासात लिहिलं होतं: "डावा खांदा दोन बोटं खाली, तिथं थोडी जागा सोडा." ते गाणं नव्हतं. ती कापताना लक्षात ठेवायची खूण होती. काकांनी तीस वर्षं एकाच खांद्यावर पिशवी वाहिलेली. धाकटीनं तीही ओळ गाण्यात घातली, आणि तीसुद्धा शेवटी!

निवडीचं पत्र आलं ते काकांच्याच हातानं. थोरलीनं उभ्या उभ्या फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. "आपल्या गीताची निवड... परीक्षकांना विशेष भावलेली ओळ, डावा खांदा..."

ती थांबली. पोस्टमनकाकांचा हात आपोआप खांद्यावर गेला.

"हा तर माझा खांदा," ते म्हणाले.

"काय केलंस तू हे?" थोरली धाकटीवर कडाडली. "गिऱ्हाइकाचं व्यंग चव्हाट्यावर मांडलंस! आत्ताच्या आत्ता कळव त्यांना, नाव काढा म्हणावं. आणि ती ओळ गाणं नाहीच मुळी. मी खोट्या कागदावर सही करणार नाही."

"ती ओळ तुम्हीच लिहिलीत ना, ताई? का मांजरानं लिहिली?"

"काका, माफ करा हो. ही बावळट..."

"वाचा की पुढं," काका म्हणाले. "तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद पोचवतोय. माझ्याबद्दल कागदावर काही आलं ते आज पहिल्यांदा." मग पिशवी सावरत म्हणाले, "माझ्या खांद्याला लाज वाटत नाहीये. तुम्हाला कसली वाटतेय?"

 थोरलीनं मला उचललं, एकशे बारावं पान काढलं आणि ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. "राहू दे नाव," ती म्हणाली.

मग सुरू झाली तयारी! दुपारी दार लोटून मशीनच्या ठेक्यावर सराव. पण ती ओळ काही केल्या चालीत बसेना.

"लांब होतेय," थोरली वैतागली.

"मग दुमडा थोडी."

"दुमडली तर खांदा मावेल का?" असं म्हणाली आणि स्वतःच थबकली. तिनं ओळ तशीच ठेवली आणि चाल ढिली केली. 'जागा सोडा' म्हटलं, की आवाज थांबायचा. नुसतं मशीन चालायचं. दोन ठेके रिकामे, मग पुन्हा पहिली ओळ. धाकटी बटण लावायचं विसरली. मी तर अख्खी शहारले.

काल सभागृहात नोंदणीच्या टेबलावर कागद पुढं आला. "इथं सही." थोरलीनं पेन घेतलं. खांदे ताठ, ओठ मिटलेले, श्वास कोंडलेला. हे मी हजारदा पाहिलंय! धाकटी तिच्या कानाशी गेली.

"ताई, पोट आत घेऊन सही करायची नसते."

थोरली फस्सकन हसली. श्वास सुटला आणि सही झाली.

रंगमंचावर मी स्टँडवर उघडी होते, एकशे बाराव्या पानावर. मशीन नव्हतं. तिनं चपलेच्या टाचेनं ठेका धरला. आवाज पहिल्या ओळीला कापला, दुसरीला सावरला, आणि शेवटी 'जागा सोडा' म्हणून ती थांबली तेव्हा अख्ख्या सभागृहात टाचेचे दोनच ठोके ऐकू आले. तिसऱ्या रांगेत एक कोट हलला. त्याचा डावा खांदा अगदी नीट बसला होता.

टाळ्या थांबल्यावर एका परीक्षकांनी माइक ओढला. "हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय. जुनं आहे का हो?"

माझा एकेक धागा ताणला गेला. सहा वर्षांचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं.

"नाही," थोरली म्हणाली. "माझं आहे."

बक्षीस? दुसरं मिळालं. पहिलं एका शाळकरी मुलीला. "गाणं तिचं चांगलं होतं, मान्य," धाकटी परतताना म्हणाली, "पण बाही काय बिघडवली होती कुणी तिची!"

आता माझं एकच पान उरलंय. आज सकाळी धाकटीनं थोरलीला हातातलं काम ठेवून आरशासमोर उभं केलं आणि त्या पानावर तिचं माप घेतलं. उंची, खांदा, बाही, सगळं. थोरली कुरकुरत होती, पण श्वास मोकळा होता. उद्या नवी वही येईल. मला रद्दीत टाकणार नाहीत, कपाटात ठेवणार आहेत, असं ऐकलंय.

जाता जाता एवढंच मागते. तुमच्याही घरात एखादी वही असेल, यादीची, मापांची, औषधांच्या वेळांची. कधीतरी तिचा समास वाचा. कुणाचं गाणं सापडलं, तर ते जुनं आहे, हे त्यांचं म्हणणं अजिबात ऐकून घेऊ नका.